डबा क्रमांक ४१७

१२ मार्च

भाऊजी पडले!

तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून साधं खरचटलं नाही त्या माणसाला. आणि पडला कशावरून? आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून! जिन्यातला दिवा बदलायचा होता. स्टूल ठेवलं नेमकं जिन्याच्या तोंडाशी. मी म्हटलं, "भाऊजी, शिडी आणा." तर म्हणे, "वहिनी, शिडी नवशिक्यांना लागते." पुढचं वाक्य बोलायला ते वर नव्हतेच. तेरा पायऱ्या खाली होते.

शुद्ध नाही. मेंदूला सूज आहे म्हणतात. चार वर्षांपूर्वी ज्या दवाखान्यात हे गेले तोच दवाखाना, तोच तिसरा मजला. मला कुणाला रस्ता विचारावा लागला नाही.

सही करून आले. बाकीचं उद्या.

१३ मार्च

काल लिहिता आलं नाही ते आज.

डॉक्टर तेच. चार वर्षांत चष्मा बदललाय, आवाज तोच — इतका हळू की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. मी मनात त्यांना कुजबुजे म्हणते. त्यांनी मला ओळखलं नाही. बरं झालं. पण त्यांच्यामागे फाईल घेऊन उभी असलेली नर्स — फाईलबाई — तिने ओळखलं. माझ्याकडे पाहिलं नि नजर फाईलमध्ये घातली.

आणि संमतीचा कागदही तोच! त्या नव्या औषधाचा अभ्यास अजून चालूच आहे. डोक्याला जबर मार लागला की पहिलं नुकसान तिथल्या तिथे होतं, त्याला इलाज नाही. पण नंतरचे तीन-चार दिवस मेंदू सुजत जातो आणि त्या सुजेत आणखी पेशी मरतात. त्या वाचवणारं एक औषध आहे. म्हणजे, वाचवतं का ते बघायचंय. म्हणून निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. कुणाला काय दिलं ते डॉक्टरला ठाऊक नसतं, नर्सला नसतं, आपल्याला तर नाहीच. नंबर घातलेला डबा येतो. आठ तासांच्या आत सुरू करावं लागतं.

वन्सं तोवर येऊन पोचल्या होत्या. म्हणाल्या, "चार वर्षं झाली, अजून कळलं नाही होय यांना?"

कुजबुजे म्हणाले, "पुरेसे रुग्ण मिळायला वेळ लागतो."

"का? माणसं पडायची कमी झालीत?"

मग वन्संनी कागद माझ्याकडे सरकवला. भाऊजींची सख्खी बहीण त्या. पण भाऊजींनी कामावरच्या कागदांत जवळचं माणूस म्हणून माझं नाव लिहून ठेवलंय. "तूच कर सही," म्हणाल्या. "मागच्या वेळी केली नव्हतीस. तेव्हा तुझ्याकडे एक शिल्लक आहे."

मी केली.

१३ मार्च, दुपार

मागच्या वेळी. लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे!

हे सायकलवरून पडले होते. हाच कागद समोर आला. मी विचारलं, "म्हणजे यांना नुसतं पाणीसुद्धा मिळू शकेल?" कुजबुजे म्हणाले, "शक्य आहे." मी म्हटलं, "माझ्या माणसावर नाणं उडवायचं नाही." नवव्या दिवशी हे गेले.

वन्सं एकदाच म्हणाल्या, "सही केली असतीस तर माझा भाऊ वाचला असता." एकदाच. पण वन्संचं एकदा पुष्कळ दिवस पुरतं.

तेव्हापासून मी वाचायला लागले. शाळा सातवीपर्यंत. वाचनालयातून मेंदूवरची चार पुस्तकं आणली, शेजारी शब्दकोश ठेवून वाचली. माझ्या शिवणाच्या दुकानात एका हातात कुणाची तरी पॅन्ट अल्टर करायला आणि मांडीवर मेंदूचं चित्र. एका गिऱ्हाइकाची पॅन्ट त्या नादात गुडघ्यापर्यंत कापली! मेंदूबद्दल खूप कळलं. मी सही करायला हवी होती का, ते एकाही पुस्तकात नव्हतं.

१४ मार्च

डबा क्रमांक ४१७. वन्संनी बघून घेतला. आकड्यांची बेरीज बारा येते, बारा चांगला, म्हणे. फाईलबाई म्हणाली, "आत्या, नंबर कॉम्प्युटर देतो." वन्सं म्हणाल्या, "त्याला तरी कुणीतरी अक्कल दिलीच असेल ना!"

भाऊजींना झोपेच्या औषधावर ठेवलंय. डोक्यातून एक तार निघते, ती पडद्यावर आकडा दाखवते — कवटीच्या आतला दाब. वीसच्या खाली चांगला. वन्सं त्या आकड्यासमोर बसून असतात, उतू जाणाऱ्या दुधासमोर बसावं तशा. एकवीस झाला की, "उतर मेल्या, उतर!" सतरा झाला की माझ्याकडे विजयाने बघतात. "बघ. औषधच आहे ते. पाण्याने उतरतं का?"

मला काय वाटतं ते मलाच धड सांगता येत नाही.

१५ मार्च

आज सांगता आलं, म्हणून लिहिते. दुकानात बटण लावताना कळलं. सुई बोटात गेली.

भाऊजी बरे व्हावेत. मला दुसरं काही नको. गेली चार वर्षं त्या घरात माझ्याशी भांडणारं दुसरं आहे कोण! पण ते त्या औषधाने बरे झाले, तर औषध खरं. औषध खरं, तर मी यांना मारलं.

आणि बरे झाले नाहीत, तर भाऊजी गेले.

म्हणजे मला भाऊजी हवेत, पण पाण्याने! शहाण्या बाईने असं काही मागावं का?

१६ मार्च

आज मी जे केलं ते वन्संना कळलं तर घरातून हाकलतील. घर माझं असलं तरी.

औषधाचा आज शेवटचा दिवस. फाईलबाई बाटली बदलत होती. नळी सुटली आणि चार-पाच थेंब ट्रेमध्ये पडले. ती फडकं आणायला वळली. मी बोट बुडवलं आणि चाटलं.

खारट! चक्क खारट.

अरे देवा! भाऊजींना पाणीच! आणि त्याच्या मागोमाग, अगदी मागोमाग, हलकं वाटलं. स्वतःचीच लाज वाटली. एक माणूस तिथे नळ्यांमध्ये पडलाय आणि ही बाई बोट चाटून खूश होतेय.

रात्रीचं जेवले नाही. वन्सं म्हणाल्या, "तुझं तोंड का असं उतरलंय? आकडा सोळावर आलाय."

१७ मार्च

दिवसभर राहवलं नाही. कुजबुजेंना कोपऱ्यात गाठलं आणि खरं ते सांगून टाकलं. "डॉक्टर, मी चाखलं. खारट होतं."

माणूस पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "तुम्ही काय केलंत?!" अख्खा वॉर्ड वळला.

मग परत कुजबुजत म्हणाले, "बाई, औषधसुद्धा मिठाच्या पाण्यात मिसळूनच देतात. दोन्ही खारटच लागणार. आणि तुम्ही जे चाखलंत ती बहुधा साधी सलाईन होती, सगळ्यांना लावतो ती."

फाईलबाई मागे तोंडावर फाईल धरून उभी होती. खांदे हलत होते तिचे.

म्हणजे पुन्हा शून्यापासून. चार पुस्तकं वाचली मी! एवढं साधं कळू नये?

२० मार्च

झोपेचं औषध बंद केलंय. आता जागे व्हायला हवेत. होत नाहीत.

वन्सं कानाशी जाऊन ओरडल्या, "ऊठ! कामाला उशीर झाला!" काही नाही. मी म्हटलं, "वन्सं, कामाला उशीर म्हटल्यावर भाऊजी कधी उठलेत?" तिथे हसू आलं आम्हाला, तसल्या जागी. मग दोघींनी वेगवेगळ्या दिशेला तोंडं केली.

२१ मार्च

नववा दिवस.

काही लिहायचं नाही.

२२ मार्च

नववा दिवस गेला.

२४ मार्च

डोळे उघडले! पण बघत नाहीत. दिवा पेटलाय, घरात कुणी नाही, असं काहीसं.

वन्संनी फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं की औषधाचा गुण आला. मी म्हटलं, "वन्सं, पाणीही असेल." म्हणाल्या, "तुला काय, पाणीच हवंय वाटतं?"

सहज बोलल्या. पण माझ्या हातातला डबाच खाली पडला. भाकरीचे तुकडे पार खाटेखाली गेले.

२९ मार्च

बोलले!

घशातली नळी काल काढली होती. आज सकाळी कुजबुजे तपासायला आले. डोळ्यांत बॅटरी मारली. विचारलं, "तुम्ही कुठे आहात, सांगता येईल?" भाऊजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यावरच्या, फडफडणाऱ्या ट्यूबलाईटकडे. आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चोक गेलाय."

कुजबुजेंनी लिहून घेतलं — उत्तर असंबद्ध. मी म्हटलं, "खोडा ते! शंभर टक्के संबद्ध आहे. चोकच गेलाय."

आणि मग मला रडू फुटलं ते थांबेना. वन्संनी पाठीवरून हात फिरवला. चार वर्षांत पहिल्यांदा. लगेच काढूनही घेतला.

१ एप्रिल

नवीनच पंचाईत. भाऊजी नम्र झालेत! नर्सला "कृपया पाणी मिळेल का?" म्हणतात. मला "वहिनी, आपल्याला त्रास होतोय." आपल्याला! वन्सं घाबरल्या. "अगं, हा दुसराच कुणीतरी परत आलाय."

कुजबुजे म्हणाले, डोक्याला मार लागला की कधी स्वभाव बदलतो. कधी तात्पुरता, कधी कायमचा.

कायमचा नम्र? त्या घरात मी भांडायचं कुणाशी?

४ एप्रिल

आज विचारलं, "दादा कुठाय? दादा कसा नाही आला भेटायला?"

मधली चार वर्षं पुसली गेलीयत. मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं. दादा गेले, भाऊजी. चार वर्षं झाली. ते लहान मुलासारखे रडले. अर्ध्या तासाने डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, दादा कुठाय?"

असं चार वेळा. चार वेळा मी यांना घालवलं आज.

५ एप्रिल

आज वन्सं पुढे झाल्या. मला म्हणाल्या, "तू सरक. तुला कळत नाही."

"ताई, दादा कुठाय?"

"बाजारात गेलाय."

"अच्छा."

दुपारी परत. "दादा अजून आला नाही?"

"बाजारात आहे रे."

"भाव करत बसला असेल," भाऊजी म्हणाले. "दादा ना, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तासभर घालवतो."

अगदी खरं. वन्संनी माझ्याकडे बघितलं, मी वन्संकडे. आम्ही तिघं बराच वेळ यांची वाट बघत बसलो.

१९ एप्रिल

घरी आणलं. डावा पाय ओढतात. उजवीकडच्या गोष्टी सापडतात, डावीकडच्या हरवतात. डाव्या बाजूची अर्धी ताटली तशीच राहते, मग मी ती फिरवते. "अरे, अजून आहे!" रोज तेवढाच आनंद.

स्टूल मी फोडून टाकलं. वन्सं म्हणाल्या, "स्टुलाचा काय दोष?" मी म्हटलं, "कुणाचा तरी असू दे ना."

८ मे

भांडले! आमटीत मीठ कमी म्हणून. "वहिनी, इतकी वर्षं करताय, अजून अंदाज येत नाही?"

जीव भांड्यात पडला. मी पण सोडलं नाही. म्हटलं, "तेरा पायऱ्यांचा अंदाज तुम्हाला तरी कुठे आला!" खूप दिवसांनी पोटभर भांडलो. वन्सं दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

२ जून

आठवलं त्यांना. सकाळी दाढी करताना, आरशात बघत. अर्धा गाल साबण तसाच ठेवून दुकानात आले. "वहिनी, दादा गेलाय ना?"

"हो."

"मग ताई मला बाजार बाजार काय सांगत होती?"

मी मशीन थांबवलं. ते समोरच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्यासाठी त्या कागदावर सही केलीत?"

"केली."

"दादासाठी केली नव्हतीत."

"नव्हती."

त्यांनी साबण टॉवेलला पुसला. म्हणाले, "मीच म्हटलं होतं तुम्हाला, करू नका म्हणून. दादावर प्रयोग नको असं मीच म्हणालो होतो. विसरलात?"

मी विसरलेले नाही. त्या दिवशी भाऊजी गावाबाहेर खांबावर होते. दवाखान्यात पोचले तेव्हा आठ तास होऊन गेले होते. मी एकटी होते. मी एकटीनेच नाही म्हटलं.

पंचवीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही. डोक्याला मार लागल्यावर शिकला असेल. की खरंच तसं आठवतंय? विचारलं नाही मी. "साबण वाळतोय," एवढंच म्हटलं.

१४ सप्टेंबर

सहा महिने झाले म्हणून फाईलबाईचा फोन. प्रश्नावली भरायची होती. भाऊजींनी स्पीकर लावला, साहेबासारखे बसले.

"स्वतःचे कपडे स्वतः घालता का?"

"घालतो."

"एकट्याने बाजारहाट करता का?"

"नाही."

"अपघातामुळे?"

"आधीपण करत नव्हतो."

"चिडचिड वाढली आहे का?"

मी आणि वन्सं एकदम ओरडलो, "नाही, तेवढीच आहे!"

फाईलबाई हसत होती. म्हणाली, "चांगली सुधारणा असं लिहिते." मग मला वेगळं म्हणाली, "मावशी, आता थोड्याच रुग्णांचे फोन राहिलेत. निकाल लागला की पत्र येईल."

वन्सं दिवसभर मिरवत होत्या. "लागू दे निकाल. औषधच होतं ते." भाऊजी चालतात, भांडतात, बल्ब बदलतात — जमिनीवर उभं राहून जेवढे बदलता येतात तेवढे. वन्सं म्हणतात तेच खरं असणार. आणि ते खरं असेल तर पुढचं मला माहीत आहे. वन्संनी ते पुन्हा तोंडाने म्हणायची गरज नाही.

२ फेब्रुवारी

पत्र आलं.

दुकानात उभ्या उभ्या फोडलं. वन्सं म्हणाल्या, "मोठ्याने वाच." वाचलं. अभ्यास पूर्ण झाला. कित्येक शहरं, हजारो रुग्ण, सहा वर्षं. औषध मिळालेल्यांत जेवढे वाचले तेवढेच पाणी मिळालेल्यांत. जेवढे गेले तेवढेच गेले. जेवढे भाऊजींसारखे बरे झाले तेवढेच. औषधाचा उपयोग नाही. सहभागाबद्दल आभार. तुमच्या रुग्णाला काय मिळालं होतं हे हवं असल्यास कळवू.

"परत वाच," वन्सं म्हणाल्या.

परत वाचलं.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे मी कशाने बरा झालो?"

"ते लिहिलेलं नाही."

"विचारायचं का मला काय दिलं होतं?" मग स्वतःच म्हणाले, "नको. औषध असेल तर वाया गेलं म्हणून वाईट वाटेल. पाणी असेल तर ताई डॉक्टरला मारायला जाईल."

वन्सं हसल्या नाहीत. पत्र माझ्या हातातून घेतलं. त्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, तरी बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तू सही केली असतीस तरी..."

त्यांनी माझा हात धरला आणि या वेळी काढून घेतला नाही. त्या हाताने मला दिवसभर काही शिवता आलं नाही.

३ फेब्रुवारी

माझ्यासाठी हे आज गेले. पाच वर्षं मी त्यांना रोज मारत होते, नुसतं जायला त्यांना सवडच मिळाली नव्हती.

दुकान बंद ठेवलंय.